तिजोरीतला रवा

आमच्या घरात एक पोलादी तिजोरी आहे आणि तिचा आकडा आमच्या ह्यांना ठाऊक नाही. त्यांना तो सांगायचाच नाही, असा जर्मनीचा कायदा आहे. हे मी पुण्याच्या जाऊबाईंना फोनवर सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असा कायदा आपल्याकडे कधी गं येणार?"

तिजोरीत माझं रिव्हॉल्व्हर असतं. हसू नका. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत जसं वापरायचे तसं, अगदी त्याच बेताचं, पण आत्ता इटलीत बनवलेलं. त्यात तयार काडतूस घालायचं नसतं. काळी दारू, शिशाची गोळी, सगळं आपल्या हातानं ठासायचं. परवाना माझ्या नावावर, म्हणून तिजोरी फक्त मी उघडायची. ह्यांना डायबेटिस आहे, त्यामुळे काजूकतलीचा डबाही मी तिथंच ठेवते. शस्त्राशेजारी काजूकतली ठेवू नये असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

"तुला त्या बंदुकीचं काही पडलेलं नाही," हे म्हणतात. "तुला कुलूप हवं होतं."

आता हे वेड लागलं कसं, ते सांगते. आम्ही इंगोलश्टाटच्या बाहेर एका खेड्यात राहतो. हे मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होते, आता निवृत्त. मुलगी आखनला शिकायला गेली ती तिकडचीच झाली. आमच्या कुंपणापलीकडे एक बाई राहते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मी तिला नाखबारिन म्हणते, ती मला नाखबारिन म्हणते. म्हणजे शेजारीण. इतकी वर्षं झाली, एकमेकींना नावानं हाक मारायची गरजच पडली नाही. ती मला गावातल्या नेमबाजांच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, घेऊन गेली. नेमबाजीसाठी नाही हं, केकसाठी. रविवारी तिथं आलुबुखारचा केक असतो आणि तो फार चांगला असतो.

केक खात बसले होते आणि पलीकडून धाड्‌कन आवाज झाला. मग पांढराशुभ्र धूर आला, आणि धुराबरोबर तो वास. मी डोळेच मिटले. दिवाळीची पहाट, अंगाला उटणं, नाकात लवंगी फटाक्यांची दारू. इतकी वर्षं ह्या देशात राहून मला कशाची आठवण येत होती ते मलाच ठाऊक नव्हतं. ते गंधक होतं.

"हात लावून बघ," नाखबारिन म्हणाली.

"छे गं, मी नाही. मी केक खाते."

"केक कुठं पळून जात नाही."

माझी पहिली गोळी कुठं गेली ते आजवर कुणाला कळलेलं नाही. तिथल्या म्हाताऱ्यांनी सौजन्यानं आधी कागदाच्या चकतीकडे बघितलं, मग मातीच्या बांधाकडे, मग छताकडे. मी मात्र घरी येऊन ह्यांना सांगितलं, "अहो, मला जमतं."

इथं रिव्हॉल्व्हर असं बाजारात गेलं आणि आणलं असं नसतं. आधी वर्षभर फेराइनमध्ये नेमानं जायचं, मग परीक्षा, मग अर्ज, तिजोरी आणि दारू बाळगायचा वेगळा परवाना. माझं जर्मन दुकानातल्या जाहिराती आणि शेजारणीच्या गप्पा ह्यांवर वाढलेलं. परीक्षेच्या पुस्तकातले शब्द आगगाडीएवढे लांब, एका टोकाला पोचेपर्यंत दुसरं टोक विसरायला व्हायचं. हे संध्याकाळी पुस्तक घेऊन माझी उजळणी घ्यायचे आणि मी चुकले की इतके खूश व्हायचे, की चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. पास झाले. मुलीला फोन केला. ती मराठी सगळं समजते, पण बोलते जर्मन.

"मामा, दास इस्ट निख्ट दाइन एर्न्स्ट," ती म्हणाली. म्हणजे, आई, तू हे खरंच म्हणत नाहीयेस ना?

"अगं, फक्त रविवारी," मी म्हटलं.

दुकानात गेलो तर दुकानदार सगळी माहिती ह्यांनाच सांगत होता. हे शेवटी म्हणाले, "मला कशाला सांगता? मी ड्रायव्हर आहे." मग मी पुढे झाले. दोन प्रकार होते. एकाची चौकट पोलादाची, दुसऱ्याची पितळेची. हे माझ्या कानाशी लागले, "पोलादाचं घे. पितळ मऊ असतं, वर्षानुवर्षं धक्के बसून सैल होतं." माणूस आयुष्यभर धातूंमध्ये वावरलेला, त्याचं ऐकावं की नाही? मी दोन्हींवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, पातेलं घेताना करतात तसं, आणि पितळेचं घेतलं.

"का?" ह्यांनी गाडीत विचारलं.

"समईशी जुळतं."

त्यावर त्यांनी गाडी सुरू केली. मी घरी येऊन चिंच आणि मीठ लावून ते असं लखलखीत घासलं की पुढच्या रविवारी पितळेवरची चमक माझ्याच डोळ्यांत जाऊन मला नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी दिसेना. आता मी ते काळवंडू देते. काळ्या दारूनंतर तसंही ते गरम पाण्यानं आणि साबणानं धुवावं लागतं, नाहीतर गंज चढतो. त्या कामात मात्र मला फेराइनमध्ये तोड नाही. धुऊन, पुसून, मंद ओव्हनमध्ये वाळवायचं. एकदा मुलगी आली असताना तिनं केक असेल म्हणून ओव्हन उघडला. तिनं तो पुन्हा लावला आणि बाहेर जाऊन बसली.

ठासायची रीत अगदी करंजी भरण्यासारखी. चक्रीला सहा भोकं असतात. प्रत्येकात आधी मोजून दारू, तीवर रवा, मग गोळी, आणि नळीखालच्या दांड्यानं दाबायचं. हो, रवा! दारू थोडीच घालायची असते, मग उरलेली पोकळी भरून काढायला रवा. हे जर्मन लोक वर्षानुवर्षं रवा उडवताहेत आणि मी घरात बसून उपमा करत होते. गोळीवर चरबीचा लेप द्यायचा, म्हणजे एका भोकाची ठिणगी दुसऱ्यात जात नाही. शेवटी मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. आम्ही लहानपणी दगडानं टिकल्या फोडायचो ना, तशी टिकली.

लेपाची अडचण झाली. आमच्या फेराइनमध्ये तो लेप एक निवृत्त खाटीक करून देतात. ते आमच्यातले सगळ्यांत चांगले नेमबाज. त्यांनी मोठ्या प्रेमानं मला एक डबी दिली. मी विचारलं, "कशाची?" ते म्हणाले, "बैलाची. शुद्ध." मला शाळेच्या इतिहासातली चरबीची काडतुसं आठवली. मी काही बंड केलं नाही. डबी त्यांना परत दिली, घरी आले आणि साजूक तूप आणि मधमाशीचं मेण एकत्र कढवून माझा स्वतःचा लेप केला. तो इतका झकास जमला की खाटीकबुवांनीही मागून घेतला. "बुटरश्माल्त्स!" ते म्हणाले. तुपाला इथं तसं म्हणतात. झालं, माझ्या डोक्यात हवा गेली. ती हवा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. शेजारच्या गावाशी आमच्या फेराइनची दर उन्हाळ्यात लढत होते. तिघांचा एक संघ. जिंकणाऱ्याला एक गोल लाकडी चकती मिळते, परातीएवढी, तिच्यावर चित्र रंगवलेलं. ती वर्षभर जिंकलेल्या गावाच्या भिंतीवर राहते. ही चकती नाखबारिनच्या नवऱ्यानं रंगवली होती. चित्रात आमचं गाव आहे, चर्च आहे, वरून बदकं चालली आहेत, आणि खाली कोपऱ्यात, नीट बघितलं तरच दिसते, अशी एक बाई दोरीवर कपडे वाळत घालते आहे. ती म्हणजे नाखबारिन. लाल स्कर्ट, कडेवर टोपली. तो गेला त्याच उन्हाळ्यात आपलं गाव हरलं आणि तेव्हापासून ती चकती शेजारच्या गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खानावळीत, बिअरच्या पिंपावर टांगलेली आहे. ही वर्षातून एकदा तिथं जाते, स्वतःला बघते आणि हरून परत येते.

तिनंच मला हात स्थिर ठेवायला शिकवलं होतं. चहा उकळेपर्यंत इस्त्री हातात धरून हात सरळ पुढे करायचा, खांद्याच्या रेषेत. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीसमोर. सकाळी दोघी आपापल्या खिडकीत इस्त्र्या धरून उभ्या. ह्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपले तीन शर्ट आणून ठेवले होते.

ह्या वसंतात तिची इस्त्री खिडकीत दिसेनाशी झाली. मी कुंपणाशी गाठलं तिला.

"हात थरथरतो," ती म्हणाली. "ह्या वर्षी शेवटचं. ती चकती घरी आणली की मी रिव्हॉल्व्हर विकणार. नाही आणली तरी विकणार. पण आणून विकलं तर बरं वाटेल."

संघात ती होती, खाटीकबुवा होते, आणि तिसऱ्या गृहस्थांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं म्हणून मी. म्हणजे बघा, एका बाईची इतक्या वर्षांची इच्छा, आणि ती कुणाच्या हातात? जिची पहिली गोळी अजून सापडलेली नाही तिच्या.

लढतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही फेराइनमध्ये दारू मापून ठेवायला जमलो. लहान लहान नळ्या असतात, त्यांत प्रत्येक बाराची दारू आणि वर रवा असं आधीच भरून ठेवतात, म्हणजे ऐन वेळी नुसतं ओतायचं. तर कपाटातली रव्याची पिशवी संपलेली. दुकानं बंद झालेली.

"रवाच ना?" मी म्हटलं. "माझ्याकडे डबा भरून आहे. तिघांनाही पुरेल." आणि तशी गाडीतून घरी गेले.

आता आमच्या घरातली रीत सांगते. रवा आणला की तो आधी भाजायचा. पिशवीतून डब्यात कच्चा रवा कधी गेलेला नाही. भाजला की अळी धरत नाही. इथल्या रव्यात अळी माझ्या जन्मात सापडलेली नाही, पण सासूबाईंनी सांगितलेलं मी इतकी वर्षं करत आलेय आणि हात आपोआप करतो. डबा काढला तेव्हा हे म्हणाले, "अगं, हा भाजलेला आहे ना?"

"म्हणून तर उत्तम," मी म्हटलं. "कच्च्यात ओल असते. दारूत ओल चालत नाही."

"मला आपलं वाटलं..."

"अहो, तुम्ही यंत्रांचं बघा. रव्याचं मी बघते."

फेराइनमध्ये परतून नाखबारिनलाही मी हे शास्त्र समजावलं. भाजलेला, कोरडा, बघ कसा गुलाबीसर. ती म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि आम्ही तिघांच्या सगळ्या नळ्या भरल्या. नळ्या कपाटात ठेवल्या. वर पत्र्याचं छप्पर, आणि जूनचा उकाडा.

रविवारी शेजारच्या गावात पोचलो. नाखबारिननं आधी आत जाऊन चकती बघून घेतली. मग तिघं ओळीनं उभे राहिलो. पलीकडे त्यांचे तिघं, त्यांचा म्होरक्या भलामोठा मिशीवाला. इशारा झाला. पहिला बार नाखबारिनचा. मी कान टवकारून धाड्‌ची वाट बघतेय, तर आवाज आला फुस्स... आणि मग, जरा विचार करून, धप्प. गोळी नेमाच्या कागदी चकतीच्या कितीतरी खाली मातीत. तिनं रिव्हॉल्व्हरकडे असं बघितलं की जसं काही ते आपलं नाहीच. मग खाटीकबुवा. फुस्स, धप्प. मग मी. माझं तर नुसतंच फुस्स.

आणि मग धूर आमच्या अंगावर आला. त्यात गंधक नव्हतं असं नाही, पण त्याच्या पोटात दुसरा एक वास होता. गोड नाही, पण गोडाच्या अलीकडचा. मला तो सगळ्यांच्या आधी कळला. कळायलाच हवा. तो सत्यनारायणाच्या प्रसादाचा वास होता.

रवा मी तुपावर भाजते. चमचाभर तूप. सासूबाई तसंच भाजायच्या. रात्रभर त्या उकाड्यात ते तूप पाझरून खाली दारूत उतरलं होतं, तिघांच्याही सगळ्या नळ्यांमध्ये.

मिशीवाल्यानं नाक वर केलं. "इथं कोण स्वयंपाक करतंय?"

खाटीकबुवांनी हुंगलं आणि हळूच माझ्याकडे वळले. "बुटरश्माल्त्स," ते म्हणाले. ह्या वेळी त्यात कौतुक नव्हतं.

मी नाखबारिनला काय सांगितलं ते मला आता धड आठवत नाही. हातात नळी धरून जर्मनमध्ये सुरू केलं आणि मराठीत संपवलं, एवढं नक्की. तिनं ते सगळं ऐकून घेतलं, घड्याळाकडे बघितलं, तरातरा मिशीवाल्याच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "तुझी दारू दे. आणि रवा दे. कोरडा."

त्यानं दिला, हे त्याचं मोठेपण. माझ्या गावच्या स्पर्धेत मी दिला असता का, शंकाच आहे. आम्ही भोकं साफ केली, नव्यानं ठासलं. निम्मा वेळ गेला होता. मग मात्र काय सांगू, नाखबारिन रागानं उभी राहिली. हात थरथरत नव्हता. जरासुद्धा नाही. धाड्, धाड्, एकेक गोळी काळ्या वर्तुळाच्या आत. मी बघतच राहिले आणि माझेच बार मारायचे राहणार होते. मीही जीव तोडून मारले, माझ्या मानानं बरे गेले.

हरलो. थोडक्यात हरलो, आणि ते जास्त लागतं. त्या फुस्स बारांनी घात केला.

आत बिअरच्या पिंपाशेजारी बसलो. वर ती लाल स्कर्टवाली कपडे वाळत घालत होती आणि खाली तीच मान खाली घालून बसलेली. मला कुठं तोंड लपवावं कळेना. मी म्हटलं, "नाखबारिन, मला माफ कर."

"ह्याचं तू एरवी काय करतेस?" तिनं विचारलं.

"कशाचं?"

"ह्या रव्याचं. तू हे उडवायला भाजत नसशील."

"शिरा करते."

"मग कर. बघू तरी मी कशापायी हरले."

घरी येऊन तशाच धुराच्या कपड्यांत मी शिरा केला. केळं घालून, बेदाणे घालून, तुपाला हात सैल सोडून. आमच्या स्वयंपाकघरात ती आणि हे समोरासमोर बसले. ह्यांना वाटीच्या तळाशी थोडा दिला, तर ते तिच्या बशीकडे बघून म्हणाले, "मी रव्याबद्दल विचारलं होतं, ह्याची नोंद घ्यावी." मी दुर्लक्ष केलं. नाखबारिननं एक बशी संपवली, दुसरी मागितली. चमचा धरताना तिचा हात थरथरत होता, दाणे टेबलावर सांडत होते. तिनं त्या हाताकडे बघितलं आणि मग मोठ्यानं हसायला लागली.

"उभं राहून, नीट नेम धरून हरले असते ना, तर आज विकलं असतं मी ते," ती म्हणाली. "पण शिऱ्यामुळे हरले, असं नवऱ्याला वर जाऊन कसं सांगू? तो मला जन्मभर चिडवेल."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या वर्षी रवा मी आणणार."

रवा तिनं दुसऱ्याच दिवशी आणला. कच्च्या रव्याची बंद पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हा तुझ्या हातापासून लांब ठेव." घरात माझ्या हातापासून लांब अशी जागाच नाही, मी चालता चालता तो कढईत टाकला असता. म्हणून तो तिजोरीत ठेवलाय, रिव्हॉल्व्हर आणि काजूकतलीच्या मध्ये. मध्यंतरी सरकारी कचेरीतला माणूस तिजोरी तपासायला आला. त्यानं रिव्हॉल्व्हरचा नंबर ताडून बघितला, डब्याकडे बघितलं, मग पिशवीवर बोट ठेवलं. "आणि हा रवा इथं का?"

"सुरक्षिततेसाठी," हे मागून म्हणाले.

त्यानं पुढे विचारलं नाही. काजूकतली मात्र खाल्ली.

आज सकाळी चहा टाकला आणि सहज समोर बघितलं, तर नाखबारिनच्या खिडकीत इस्त्री. हात सरळ पुढे, खांद्याच्या रेषेत. थरथरतोय, पण पुढे आहे. माझी इस्त्री नेमकी ह्यांच्या शर्टावर, त्यांच्याच हातात होती. मी ओट्यावरचा पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आणि हात पुढे केला. तिनं इस्त्री खाली ठेवली नाही, म्हणून मीही तांब्या ठेवला नाही. चहा सगळा उतू गेला.